पाइप कागदावर समोरच्या बाजूला होता

बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत गॅसचा पाइप आला तेव्हा मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. दिवसभर घरात बसायची सवय नव्हती, म्हणून गल्लीत जे काही चालायचं ते फाटकाला टेकून बघत राहायचे. त्यामुळे तो पाइप कुठून गेला हे मला कुणी सांगायची गरज नाही. मी तो जाताना पाहिला आहे.

आखणी समोरच्या बाजूची होती. चुन्याची रेघसुद्धा तिकडेच मारली होती. पण समोरच्या घरात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर राहतात. त्यांनी फाटकापासून रस्त्यापर्यंत गाडीसाठी नवी फरशी बसवून घेतली होती. ते बनियनवरच बाहेर आले आणि मुकादमाला म्हणाले, "माझ्या फरशीला पहार लागली तर तुझ्या साहेबाला इथं उभा करीन."

मुकादमाने कुणाला तरी फोन लावला, फोनवर हसला, आणि चपलेनं चुन्याची रेघ पुसून टाकली. दुपारनंतर चर आमच्या बाजूला सुरू झाला. वरची काळी माती सहज निघाली, पण खाली टणक मुरूम लागला. तिथेच त्यांनी हात आवरला. नारिंगी पाइप टाकला, वर माती लोटली, पायानं दाबली आणि निघाले.

"इतकं वरच?" मी विचारलं.

"काई नाई होत मॅडम," मुकादम म्हणाला. "गॅस हाये. पानी थोडीच हाये गोठायले?"

त्याचा गोठण्याशी काय संबंध ते मला तेव्हाही कळलं नाही. पण गॅस आला, निळी ज्योत लागली, सिलिंडरची वाट बघणं संपलं. खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे खूश होतो.

त्यानंतर काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, आमच्या गल्लीत भूमिगत गटाराचं काम निघालं. खणायला जी माणसं आली त्यांत आमच्या भाजीवालीचा नवरा होता. ती बाई कित्येक वर्षं माझ्या दारात येते. हिंगणघाटच्या रस्त्याला नाल्याच्या काठी त्यांचं थोडंसं वावर आहे. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक असं काढतात. ती टोपलं घेऊन फिरते आणि वावर तो बघतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की तो खणायच्या कामावर जातो. अंगानं काटक, बोलायला कमी. मला बघून ओळखीचं हसला.

गटाराची रेघ आमच्या बाजूला मारलेली बघून मी गटाराच्या सुपरवायझरला हाक मारली. "भाऊ, इथून गॅसचा पाइप गेलाय. अगदी वरून गेलाय."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. गॅस कंपनीनं पाठवलेला नकाशा त्यात होता. रंगीत, सुबक, खाली शिक्का आणि सही. पाइपची रेघ समोरच्या घरांच्या बाजूनं गेलेली होती.

"हे पाहा मॅडम. लाइन त्या बाजूले हाये. म्हनून तं आमी या बाजूनं खंदून राह्यलो."

"नकाशा चुकीचा आहे. मी पाइप टाकताना बघितलंय."

"नकाशा कंपनीचा हाये मॅडम." तो मला समजावत होता, जसं आपण लहान मुलाला समजावतो. "सरकारात जमा केलेला हाये. तो चुकीचा कसा राहीन?"

मी घरात येऊन गॅसच्या बिलावरच्या नंबरला फोन लावला. एका मुलीनं फार गोड आवाजात माझं सगळं ऐकून घेतलं. तक्रार नोंदवल्याचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवत होते तेव्हा दुसरा मेसेज आला: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. ग्राहक समाधानी." गल्लीत कुणी आलं नव्हतं. मला कुणी फोन केला नव्हता. मी तो मेसेज आमच्या ह्यांना दाखवला. हे पोस्टात होते, कागदावर त्यांचा फार विश्वास. चष्मा वर करून दोनदा वाचला आणि म्हणाले, "अगं, मग झालं असेल काहीतरी."

मी बाहेर जाऊन भाजीवालीच्या नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, मान हलवली. "हलक्या हातानं मारतो बाई," म्हणाला. आणि खरंच तो तसं मारत होता. पहार टाकायच्या आधी फावड्यानं माती खरवडून बघत होता. पण पाइपवर धोक्याची पट्टी नाही, विटांचा थर नाही, काही म्हणजे काही नाही. नियमात ते सगळं असतं हे मला पुढे चौकशीत कळलं. मुरमाच्या एका ढेकळाखाली पाइप होता आणि ते ढेकूळ पहारीशिवाय निघण्यासारखं नव्हतं.

आधी आवाज आला. प्रेशर कुकरची शिटी अडकल्यासारखा, पण न थांबणारा. मग वास. नासक्या पत्ताकोबीचा असतो तसा, घशात बसणारा. भाजीवालीचा नवरा चरातून उडी मारून बाहेर आला आणि ओरडला, "बाई, निंगा बाहेर! घरातल्यायले काढा!"

मी शाळेत लावायचे तसा आवाज लावला. प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, बाहेर या, बटणाला हात लावू नका, कूलर चालू असेल तर चालू राहू द्या. ह्यांना पायजम्यावरच कोपऱ्यापर्यंत नेलं. समोरचे इंजिनिअर गाडीची किल्ली घेऊन आले होते, गाडी दूर नेतो म्हणत होते. मी त्यांच्या हातातून किल्ली ओढून घेतली.

कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीवर आपत्कालीन नंबर होता. तो लावला. पलीकडच्या माणसानं माझा पत्ता विचारला, कीबोर्डची टकटक ऐकू आली, आणि तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाजूला आमची लाइन दाखवत नाही. गटाराचं काम चालू आहे ना? गटाराचा वास असेल."

"तुम्ही या आणि हुंगा," मी म्हणाले.

एक माणूस आला खरा, मोटारसायकलवर, हातात वॉल्व्ह फिरवायची लांब दांडी घेऊन. नकाशाप्रमाणे वॉल्व्हचं झाकण गल्लीच्या तोंडाशी होतं. तिथे त्याला सिमेंटचा रस्ता सापडला. झाकणावरून रस्ता झाला होता आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तो बिचारा दांडी आपटत, आवाजावरून पोकळ जागा शोधत फिरत होता. गॅस जातच होता.

तेवढ्यात गटाराच्या सुपरवायझरनं फोनवर कुणाशी तरी बोलून भाजीवालीच्या नवऱ्याला हुकूम सोडला. "ओली गोनी कोंब थ्या भोकात. कंपनीवाल्याले वॉल्व्ह सापडेपर्यंत दाबून धर."

"नको," मी ओरडले. "त्याला तिकडे पाठवू नका!"

"मॅडम, तुमी मागे राहा."

तो गेला. रोजंदारीचा माणूस नाही म्हणत नाही. गोणी भिजवून चरात उतरला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी गोणी दाबून धरली. चरात गटाराचं पाणी साचलेलं होतं, भोक नीट दिसत नव्हतं. सुपरवायझरनं दुसऱ्या मजुराला पाणी उपसायचा डिझेलचा पंप सुरू करायला लावला. मी ते बघितलं आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आधी त्यानं दोरी ओढली.

स्फोट म्हणावा असा आवाज झाला नाही. भक्क झालं, जसं ओल्या लाकडांवर रॉकेल टाकल्यावर होतं. चरातून ज्वाळा उठली, त्यातून तो बाहेर आला, हात समोर धरून. हातांवर गोणीचे धागे चिकटलेले होते. निदान मला वाटलं की धागे आहेत.

समोरच्या इंजिनिअरांनीच त्याला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्याकडून किल्ली घेतली, ओल्या चादरीत गुंडाळलेल्या त्या माणसाला मागच्या सीटवर घेतलं, आणि गाडी अशी हाकली की इंजिनिअरांकडून तशी अपेक्षा मी कधी केली नसती. गॅस शेवटी दूरच्या मोठ्या वॉल्व्हवरून बंद केला. साऱ्या परिसराच्या चुली विझल्या तेव्हा आमच्या गल्लीतली ज्वाळा विझली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची माणसं आली. मला वाटलं, आता फोटो काढतील, मोजमाप घेतील. त्यांनी पाइपला जोड लावला, खड्डा भरला आणि वरून सिमेंट ओतलं. इतक्या चपळाईनं काम करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

दवाखान्यात भाजीवाली व्हरांड्यात बसलेली असायची. कंपनीचा एक माणूस फळांची टोपली घेऊन आला होता, टोपली देताना फोटो काढून घेतला, आणि मग तिच्यापुढे एक कागद ठेवला. तिनं तो मला दाखवला.

"सही करा म्हनते बाई. मंग दवाखान्याचं आमी पाहून घेतो म्हनते. काय लिवलं हाये त्याच्यात?"

मी वाचला. कामगाराने गॅसवाहिनीची पूर्ण कल्पना असताना, निष्काळजीपणे आणि परवानगीशिवाय खोदकाम केले, असं होतं. मी तिला वाचून दाखवलं. तिनं पदर तोंडाशी धरला.

"त्यायनं तं हलक्या हातानं मारलं होतं. तुमी पाह्यलं ना बाई?"

"पाहिलं. सही करू नकोस. अजून नको."

घरी आल्यावर हे माझ्यावर चिडले. "तू सल्ला देणारी कोण? त्यांनी हात आखडता घेतला तर त्या बाईनं काय करायचं?" त्यांचं चुकीचं नव्हतं. पण त्या कागदाची भाषा माझ्या डोक्यातून जात नव्हती. इतकं शुद्ध, निर्दोष मराठी! एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा शुद्धलेखनाची शिसारी आली.

चौकशीला सरकारी पथक येणार असं कळलं. गॅसवाहिन्यांच्या सुरक्षेवर आणि त्यांच्या नोंदींवर देखरेख करणारी माणसं. ती येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीनं गल्लीत पिवळ्या खुणेच्या खुंट्या ठोकल्या. समोरच्या बाजूला. रंग इतका ओला होता की आमच्या ह्यांच्या बाहीला लागला, रॉकेलनं पुसूनही गेला नाही.

बैठक समोरच्या इंजिनिअरांच्या दिवाणखान्यात भरली, कारण तिथे एसी आहे. पथकात एक वयस्क अधिकारी आणि त्यांच्याहून लहान एक बाई अधिकारी होत्या. कंपनीचे साहेब फाइली घेऊन आले होते. टेबलावर कचोऱ्या होत्या. ज्या खिडकीपाशी ते बसले होते तिथून तो सिमेंटचा नवा चौकोन सरळ दिसत होता, पण कुणी पडदा सारला नाही.

साहेबांनी फाइल उघडली. गल्लीची दर महिन्याची पाहणी. प्रत्येक पानावर तेच वाक्य: पाहणी केली, दोष आढळला नाही. तीच शाई, तेच वळण, खाली तीच सही. वयस्क अधिकाऱ्यांनी पानं चाळली आणि कचोरीचा तुकडा मोडत म्हणाले, "कागद तर सगळे व्यवस्थित आहेत." मग कंपनीच्या अहवालातून वाचलं, "कारण: त्रयस्थाकडून झालेले नुकसान."

इंजिनिअरांना विचारलं, पाइप कुठून जातो? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माझ्या माहितीप्रमाणे नकाशात आहे तिथून," म्हणाले. हाच माणूस त्या भाजलेल्या मजुराला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला होता. त्यांच्या गाडीच्या सीटवरचा डाग अजून गेला नव्हता.

माझी पाळी आली. मी चुन्याच्या रेघेपासून सगळं सांगितलं. वयस्क अधिकारी म्हणाले, "ताई, तुमच्याकडे लेखी काही आहे?"

"माझ्याकडे तुमच्याच कंपनीचा मेसेज आहे," मी साहेबांकडे बघत म्हणाले आणि मोबाइल पुढे केला. "पाइप आमच्या बाजूला आहे, नकाशा चुकलाय, अशी मी अपघाताच्या आधी तक्रार केली होती. दुसऱ्या दिवशी मी समाधानी झाले. कशानं झाले ते मात्र मला विचारू नका."

बाई अधिकाऱ्यांनी मेसेज वाचला. मग पाहणीची फाइल स्वतःकडे ओढली आणि शेवटचं पान काढलं. ज्या महिन्यात आग लागली त्याच महिन्याचं. दोष आढळला नाही.

"ही सही कोणाची?" त्यांनी विचारलं.

मागे भिंतीला टेकून एक माणूस उभा होता. तो पुढे आला. साहेबांनी घसा खाकरला, पण तो बोललाच. "सही माही हाये मॅडम. पन मी हिंगणघाटले मीटर वाचतो. हे गल्ली मी आज पयल्यांदा पाहून राह्यलो."

"मग सही का केलीत?"

"महिन्याच्या सुरवातीले गठ्ठा येते. सह्या करून वापस पाठवा लागते."

वयस्क अधिकारी म्हणाले, हे पुढच्या तारखेला बघू. बाई उठल्या. "तारीख कशाला? पाइप काही चालत जाणार नाही. खड्डा उघडा."

साहेब म्हणाले, परवानगी लागेल, यंत्र मागवावं लागेल. बाई बाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. मीही जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली आणि तिथून हलल्या नाहीत. शेवटी माणसं आली, सिमेंट फुटलं. नारिंगी पाइप आमच्या बाजूला होता, त्यावर नवा काळा जोड. मोजायला टेप लागलाच नाही. बाईंनी खाली वाकून हात घातला तर कोपरापर्यंत आत जायच्या आधीच बोटं पाइपला टेकली. साहेब फोनवर बोलत लांब गेले.

या बाईंमुळे जे झालं ते झालं. आदेशात लिहिलं गेलं की नकाशा चुकीचा होता, पाइप उथळ होता आणि पाहणी झालीच नव्हती. कंपनीला दंड झाला. सगळ्या वस्तीतली लाइन यंत्रानं नव्यानं शोधून नकाशा करायचा हुकूम निघाला. वॉल्व्हचं झाकण रस्ता फोडून वर काढलं. हे मी नाकारत नाही.

पण दंड सरकारात जमा झाला. जखमी माणसाबद्दल आदेशात एकच ओळ होती, की भरपाईचा विषय या यंत्रणेच्या कक्षेत येत नाही. आणि वर्गवारीच्या रकान्यात शब्द तसाच राहिला होता: त्रयस्थ. तो रकाना छापील असतो, बदलता येत नाही, असं बाईंनी मला फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज थकलेला होता.

मी आदेश वाचून दाखवायला त्यांच्या वावरात गेले. तो बाजेवर बसला होता. हातांची बोटं एकमेकांना ओढून घेतल्यासारखी वाकली होती. त्रयस्थ म्हणजे काय, त्यानं विचारलं.

"तिसरा माणूस," मी म्हणाले. "ज्याचा या गोष्टीशी संबंध नाही असा."

तो म्हणाला, "म्या तिसरा, तं मंग पयले दोघं कोन होते बाई? भोकावर तं म्या एकलाच बसलो होतो."

भाजीवाली आतून पाणी घेऊन आली. म्हणाली, "आता रोप लावनं मीच करतो. ह्यायले चिमटीत रोप धरता येत नाई. पानी तेवढं फिरवते."

कंपनीचा कागद पुन्हा आला तेव्हा मी त्यांच्यासोबत बसले. निष्काळजीपणाचं वाक्य खोडल्याशिवाय सही होणार नाही असं सांगितलं. आदेश हातात होता म्हणून त्यांनी ते खोडलं. तिनं सही केली, त्यानं अंगठा दिला. सही करणारा माणूस होता तो. पेन धरता येत नव्हतं. दवाखान्याचं भागलं आणि थोडं हाती आलं. ज्यानं पंपाची दोरी ओढायला लावली त्या सुपरवायझरचं काय झालं, हे मी विचारलं. तो आता दुसऱ्या गावी गटारांचंच काम बघतो.

मागच्या महिन्यात कंपनीचा एक टापटीप माणूस माझ्या दारात आला. आता नियम कडक झालेत म्हणे, गल्लीगल्लीत सुरक्षा जागृतीची सभा घ्यावी लागते आणि तिचा अहवाल वर पाठवावा लागतो. त्यानं कागद पुढे केला. "मॅडम, फक्त सही पाहिजे. सभा झाली असं समजा."

"कधी झाली?"

"म्हणजे, झाली असं धरायचं."

मी कागद हातात घेतला. हजर राहिलेल्यांच्या नावांसाठी रकाने होते, उपस्थितांनी समाधान व्यक्त केले असं खाली आधीच छापलेलं होतं. मला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, पण तो घामानं निथळत होता आणि त्याचा दोष त्या गठ्ठ्यावर सह्या करणाऱ्या माणसाइतकाच असणार. मी पेन मागितलं. शेरा लिहायची जागा शोधली. ती नव्हती, म्हणून समासात लिहिलं: सभा झाली नाही. खाली सही केली.

त्यानं वाचलं आणि चेहरा पाडून कागद घडी घालून खिशात ठेवला. "मॅडम, हा तर बाद झाला," म्हणाला. दुसरा कोरा कागद काढून तो रस्ता ओलांडून गेला. इंजिनिअरांनी फाटक उघडलं, त्याला सावलीत खुर्ची दिली, आतून लिंबाचं सरबत मागवलं. मी उभीच होते. त्यांनी चष्मा शोधला, पेन घेतलं, आणि मी बघते आहे हे माहीत असूनसुद्धा सही केली. मग त्या माणसानं त्यांना उन्हात यायला सांगितलं, फोटोत मागे त्यांच्याच बाजूची ती पिवळी खुंटी दिसावी म्हणून.